कसबी अधिकाऱ्यांना 54व्या वर्षी घरी पाठवू नका: संरक्षण मंत्री आणि संरक्षण दलप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षण मंत्री, भारत सरकार,
तसेच माननीय संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) आणि सचिव, सैन्य व्यवहार विभाग,
नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मी लष्कराच्या ईएमई दलातून, म्हणजे उपकरणे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांच्या दलातून, कर्नल म्हणून निवृत्त झालो. सध्या पुण्यात राहतो. सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की हे पत्र मी स्वतःसाठी लिहीत नाही. ज्या उपकरणांवर माझी उमेद गेली, त्यातली बरीचशी आता सेवेतून बाद झाली आहेत. मला परत घेऊन कोणाचा फायदा होणार नाही. पण माझ्याबरोबर आणि माझ्यानंतर जे लोक गेले, दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला जे आजही जात आहेत, त्यांच्यात काही जण असे आहेत की त्यांच्यामागे त्यांचे काम करणारे कोणी उरत नाही. अशा मोजक्या अधिकाऱ्यांना ठरलेल्या वयानंतरही गणवेशात ठेवण्याची वाट करून द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. सगळ्यांचे निवृत्तीचे वय वाढवा असे मी म्हणत नाही. किंबहुना ते करू नये, असेच माझे मत आहे.

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट इतर वाचकांसाठी सांगतो. लष्करात कर्नल 54व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर 56व्या, मेजर जनरल 58व्या आणि लेफ्टनंट जनरल 60व्या. नौदल आणि हवाई दलात शाखेनुसार थोडाफार फरक आहे, पण तत्त्व एकच: निवृत्ती हुद्द्याला बांधलेली. पायदळाच्या पलटणीसाठी हे तत्त्व योग्यच आहे. सियाचिनला किंवा नियंत्रण रेषेवर पोरांच्या पुढे चालणारा साहेब तरुण हवा. त्यात वाद नाही.

अडचण येते ती तांत्रिक आणि विशेष कामात. कर्नल व्हायचे तर बढतीसाठी निवड करणारे नंबर 3 सिलेक्शन बोर्ड, ब्रिगेडियर व्हायचे तर नंबर 2. या बोर्डांपुढे काय मोजले जाते? कमांड कशी केली, त्या काळातले एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, कसे आले, स्टाफच्या चांगल्या नेमणुका मिळाल्या का. मोठ्या फौजेला सेनापती निवडायचे असतात, म्हणून या निकषांना मी नावे ठेवत नाही. पण त्यातून निघणारा परिणाम पाहा. जो अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी वेगळ्या प्रकारची नेमणूक घेत वर चढत गेला, तो 58 किंवा 60पर्यंत राहतो. जो एका विषयात खोल उतरला, एम.टेक.ला आयआयटीत जाऊन आला, परत त्याच प्रयोगशाळेत, त्याच रडारवर, त्याच भाषेच्या टेबलावर बसला, त्याच्या खात्यात कमांडचे गुण कमी पडतात. तो सुपरसीड होतो, म्हणजे बढतीत मागे पडतो, आणि 54ला निघतो. बरेच जण तर तिथवरही थांबत नाहीत. वीस वर्षे झाली, पेन्शन बसली, बोर्डाचा निकाल मनासारखा लागला नाही, की मुदतीआधीच निवृत्तीचे पेपर टाकतात. म्हणजे ज्याचे कसब जितके दुर्मिळ, तो तितका लवकर बाहेर पडतो. कोणी ठरवून असे केलेले नाही. हुद्द्यासाठी आखलेला नियम कौशल्याला लावला, की हेच होणार.

जवळून पाहिलेले एक उदाहरण सांगतो. हवाई संरक्षणाच्या एका जुन्या रडारचा ट्रान्समीटर पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी चालू केला, की गरम होऊन हाय व्होल्टेज आले रे आले, धाडकन ट्रिप व्हायचा. दुपारी ऊन पडल्यावर तोच संच बिनतक्रार चालायचा. मॅन्युअलमधला दोष शोधण्याचा तक्ता माणसाला थेट पॉवर सप्लायकडे घेऊन जातो आणि तिथून ट्रान्समीटरच्या ट्यूबकडे. ती ट्यूब महाग, परदेशातून यायची, मागणी घालून महिनोन्‌महिने वाट पाहायची. आमच्याकडे एक वरिष्ठ अधिकारी होते. ते कव्हर उघडायच्याही आधी वेव्हगाइडला, म्हणजे रडारच्या लहरी वाहून नेणाऱ्या नळीला, कोरडी हवा पुरवणाऱ्या यंत्राजवळ जाऊन वाकायचे आणि छोट्या काचेतून आतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग बघायचे. निळा असला तर पुढचा विचार. गुलाबी झालेला असला तर म्हणायचे, "ट्यूबला हात लावू नका रे, तिला ओल लागलीये." जेल भाजून कोरडे करायचे, एक विशिष्ट सांधा तपासायचा, त्याचे रबरी सील बदलायचे, आणि रडार उभे. तो सांधा कुठला, हे त्यांना वेगवेगळ्या हवामानातले किती तरी संच उघडून कळलेले होते. त्यांनी लिहून ठेवले नाही असे नाही. वहीच्या वह्या भरल्या होत्या. पण आवाज ऐकून, वास घेऊन, कोणत्या क्रमाने काय नाकारायचे हा त्यांचा विचार वहीत उतरत नाही. तो शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो.

ते कर्नल म्हणूनच गेले. महिन्याचा शेवटचा दिवस, मेसमध्ये निरोप, चांदीची ट्रे, दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक. त्यांच्या जागी आलेला अधिकारी हुशार होता, कष्टाळू होता, पण हँडिंग-टेकिंगला, कामाचा ताबा घ्यायला, त्याला जेमतेम काही दिवस मिळाले. पुढच्या पावसाळ्यात तोच दोष आला, तेव्हा त्याने नियमाप्रमाणे तक्ता धरला आणि चांगल्या ट्यूबा बदलल्या. संच बराच काळ ऑफ रोड, म्हणजे बंद, राहिला. त्या तरुण अधिकाऱ्याची यात तिळमात्र चूक नव्हती. त्याच्या शेजारी वर्षभर उभे राहायला कोणी ठेवलेच नव्हते.

आता कोणी म्हणेल, सरकारने हा विचार आधीच केला होता. केला होता, हे खरे. 2020च्या ऑक्टोबर अखेरीस सैन्य व्यवहार विभागाचे एक पत्र बाहेर आले. त्यात कर्नलचे वय 57, ब्रिगेडियरचे 58 आणि मेजर जनरलचे 59 करण्याचा प्रस्ताव होता. तांत्रिक, रसद आणि वैद्यकीय शाखांतल्या जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) व जवानांसाठीही 57चा विचार होता. तज्ज्ञ आणि अतितज्ज्ञ मनुष्यबळ बाहेर जाते, हेच कारण त्यात दिले होते. हे निदान अचूक होते. पण त्याच कागदात दुसरा भाग होता: मुदतीआधी जाणाऱ्यांच्या पेन्शनला कात्री. 20 ते 25 वर्षे सेवा झाली असेल तर हक्काच्या पेन्शनच्या निम्मी, 26 ते 30ला 60 टक्के, 31 ते 35ला 75 टक्के, आणि पूर्ण पेन्शन 35 वर्षांच्या पुढे. ज्या रचनेत बहुसंख्य अधिकाऱ्यांना 35 वर्षे पूर्ण होण्याआधीच नियमाने घरी जावे लागते, त्या रचनेत हे वाचून लोकांच्या पोटात गोळा आला. माजी सैनिकांत संताप उसळला आणि तो रास्त होता. प्रस्ताव बारगळला. दुर्दैवाने त्याच्याबरोबर मूळ प्रश्नही फाइलीत गेला.

त्या प्रस्तावाच्या पहिल्या भागावरही माझा आक्षेप आहे, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. सगळ्याच कर्नलांना 57पर्यंत ठेवल्याने तज्ज्ञ टिकतात हे खरे, पण तज्ज्ञ नसलेलेही तेवढेच टिकतात. वरच्या जागा अडतात, खालच्या तरुणांचे बोर्ड लांबतात, कमांडचे वय पुन्हा चढते. कारगिलनंतर अजय विक्रम सिंह समितीने युनिट कमांडरचे वय खाली आणण्यासाठी जी धडपड केली, ती वाया जाते. शंभरातल्या पाच जणांना ठेवण्यासाठी शंभरांना ठेवणे हा उपाय फौजेला परवडणारा नाही.

पाच जणांनाच ठेवता येते का? येते. आपल्याच सरकारने ते करून दाखवले आहे, फक्त गणवेशाबाहेर.

डॉक्टरांचे पाहा. केंद्रीय आरोग्य सेवेतल्या डॉक्टरांचे निवृत्तीचे वय 2016 मध्ये 65 झाले. सप्टेंबर 2017 मध्ये तो निर्णय रेल्वे, आयुष, केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि मोठ्या बंदरांच्या डॉक्टरांपर्यंत नेला. 2018 मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या डॉक्टरांनाही 65ची मर्यादा मिळाली. त्या निर्णयातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी, की प्रशासकीय खुर्ची 62व्या वर्षी सोडायची आणि पुढची वर्षे रुग्णसेवा आणि अध्यापन करायचे. म्हणजे बढतीची वाट मोकळी राहिली आणि हात कामावर राहिले. महोदय, जो विचार सीमा सुरक्षा दलाच्या डॉक्टरला लागू पडतो, तो लष्कराच्या बालहृदयरोग शल्यचिकित्सकाला का लागू पडू नये? पुण्यात 1948 पासून एएफएमसी, सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय, उभे आहे. शेजारी कमांड हॉस्पिटल आहे, हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांची लष्कराची स्वतंत्र संस्था आहे. दूर राजस्थानच्या किंवा मराठवाड्याच्या खेड्यातून आलेल्या जवानाची आई तिथल्या व्हरांड्यात बसलेली असते. तिला सर्जनच्या खांद्यावर किती तारे आहेत हे कळत नाही. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत हुद्दा वाढत गेला की बहुतेकांचा वेळ ऑपरेशन थिएटरमधून फायलींकडे सरकतो, आणि हुद्दा वाढला नाही तर निवृत्ती लवकर येते. दोन्हीकडून रुग्णाचेच नुकसान.

शास्त्रज्ञांसाठीही दार उघडे आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीच्या मूलभूत नियमांतला 56वा नियम साठीनंतर मुदतवाढ नाही असे सांगतो, पण त्यातच आंतरराष्ट्रीय दर्जाच्या शास्त्रज्ञांसाठी 64पर्यंत आणि अवकाश व अणुऊर्जा विभागांच्या सचिवांसाठी 66पर्यंतची वाट ठेवली आहे. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचे अध्यक्ष डॉ. समीर कामत यांना 2024 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये एकेक वर्षाची मुदतवाढ मिळाली. आणि खुद्द संरक्षण दलप्रमुखांच्या पदासाठी जून 2022 मध्ये सरकारने तिन्ही दलांचे नियम बदलले, 62च्या आतल्या निवृत्त अधिकाऱ्यांचाही विचार होईल असे केले. जनरल अनिल चौहान मे 2021 मध्ये निवृत्त झाले होते. 30 सप्टेंबर 2022 रोजी ते देशाचे दुसरे संरक्षण दलप्रमुख झाले आणि पुढे त्यांची मुदतही वाढवली गेली. देशाची गरज मोठी असेल तर निवृत्तीची तारीख आड येऊ द्यायची नाही, हे तत्त्व सर्वांत वरच्या खुर्चीसाठी आपण मान्य केले आहे. मी ते वर्कशॉपपर्यंत, प्रयोगशाळेपर्यंत, पाणबुडीच्या गोदीपर्यंत आणा असे म्हणतो आहे.

पाणबुडीचा विषय निघालाच आहे तर माझगाव डॉकची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कौशल्य हातचे गेले की काय होते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नाही. 1981 मध्ये पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या जर्मनीत कीलला बांधल्या गेल्या, दोन मुंबईत बांधायच्या ठरल्या. नौदलाचे अधिकारी, अभियंते, वेल्डर जर्मनीत राहून शिकून आले. पाणबुडीच्या दाबसह सांगाड्याचे वेल्डिंग साध्या जहाजासारखे नसते. खोल पाण्यात तिथली एक बारीक चीरही चालत नाही, प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासला जातो. मुंबईत बांधलेली आयएनएस शल्की 1992 मध्ये आणि आयएनएस शंकुल 1994 मध्ये नौदलात दाखल झाली. दरम्यान दलालीच्या आरोपांचे वादळ उठले होते. पुढच्या दोन पाणबुड्यांचा बेत सोडून देण्यात आला. काम थांबले, माणसे पांगली. कोणी बदलीवर गेले, कोणी निवृत्त झाले, कोणी आखातात गेले. पुढचा करार, स्कॉर्पीनचा, थेट 2005 मध्ये झाला. तोवर एकदा शिकलेली विद्या परत पहिल्यापासून, आता फ्रेंचांकडून, शिकावी लागली. पहिली पाणबुडी कलवरी डिसेंबर 2017 मध्ये दाखल झाली. शंकुल ते कलवरी, 23 वर्षांचे अंतर. त्या मधल्या काळात आपल्या ताफ्याचे काय झाले ते नौदलाला विचारा.

आरोप, राजकारण, पैसा ही कारणे होतीच. ती माणसांना थोपवून ठेवल्याने मिटली नसती. पण बांधणीवर देखरेख केलेले पंधरा-वीस नौदल अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे उत्तम कारागीर कुठल्या तरी रूपात एकत्र ठेवले असते, नव्यांना त्यांच्यासोबत बसवले असते, तर 2005 नंतरची कितीतरी वर्षे वाचली असती. स्कॉर्पीन मालिकेतली सहावी, वाघशीर, जानेवारी 2025 मध्ये दाखल झाली. पुढच्या पाणबुड्यांच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालतात. त्या काळात या सहा पाणबुड्या बांधून घेतलेले अधिकारी वयोमानाप्रमाणे बाहेर पडत राहणार. तीच चूक परत होण्याची वेळ आत्ता, याच वर्षांत आहे.

याच नौदलाने उलट उदाहरणही घालून दिले आहे. सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेल्या पहिल्या आयएनएस चक्रवर, 1988 ते 1991 या काळात, आपल्या लोकांनी अणुपाणबुडी चालवण्याचे धडे घेतले. स्वतःची अरिहंत सेवेत यायला 2016 उजाडले. ही पाव शतकाची दरी कशी सांधली? अनेक मार्गांनी, पण त्यातला एक मार्ग असा, की अणुपाणबुडी प्रकल्पाची धुरा वर्षानुवर्षे निवृत्त व्हाइस ॲडमिरलांकडे दिली गेली. जिथे अपयश चालणारच नव्हते, तिथे सरकारने वयाचा दाखला विचारला नाही. तेजससारख्या विमानांच्या चाचण्यांतही हवाई दलातून बाहेर पडलेले चाचणी वैमानिक आपण वापरतोच. या दोन्ही ठिकाणी जे जुळून आले ते प्रकल्पापुरते. त्याची पद्धत झाली नाही.

सीमेवरचे एक उदाहरण देतो. गलवाननंतर लडाखच्या सीमेवर चुशूल-मोल्डो इथे कोर कमांडर पातळीवरच्या बैठकांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. तासन्‌तास चालणाऱ्या त्या बोलण्यात चिनी भाषा जाणणारा आपला अधिकारी काय ऐकतो आणि काय टिपतो याला केवढे महत्त्व असते, ते आपण जाणता. नुसती भाषा येऊन भागत नाही. समोरचा अधिकारी मागच्या वेळी काय बोलला होता आणि आज शब्द का बदलला, हे लक्षात राहावे लागते. अलीकडे लष्कराने प्रादेशिक सेनेमार्फत बाहेरच्या मँडरिन तज्ज्ञांना घेतले. उत्तम पाऊल. पण ज्याने सीमेवरच्या अशा बैठकांत उमेदीची वर्षे काढली, तो कर्नल असेल तर 54ला त्याची पेटी बांधायची, आणि मग बाहेर जाहिरात द्यायची, यात मेळ बसत नाही.

सायबरबद्दल मात्र मी सावध आहे. तिथले ज्ञान फार लवकर शिळे होते. पंचावन्न वर्षांचा माणूस तिथे उपयोगी असेलच असे नाही, आणि पंचविशीतला पोरगा त्याच्या पुढे असू शकतो. म्हणूनच शाखा बघून नको, माणूस आणि त्याचे आजचे काम बघून निर्णय हवा.

निवृत्तीनंतर पुनर्नियुक्तीची सोय आहेच की, असे उत्तर मला मिळेल. आहे. पण तिथे आधी रिकामी जागा पाहिली जाते आणि मग माणूस. रडारचा जाणकार बहुधा एखाद्या स्टेशन हेडक्वार्टरला, भरती कार्यालयात किंवा अशाच प्रशासकीय टेबलावर जाऊन बसतो, तोही खालच्या हुद्द्याने. त्याला निवृत्तीनंतरचा आधार मिळतो, पण त्याची विद्या फौजेला मिळत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. मुदतवाढ म्हटले की वशिला आला. हे मी नाकारणार नाही, फौजेत तीस वर्षे काढलेला कोणीही नाकारणार नाही. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल रिकोव्हर यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी नॉटिलस त्यांच्या हट्टातून उभी राहिली. पण त्याआधी बढतीच्या बोर्डांनी त्यांना नाकारले होते. नियमाने ते 1953 मध्ये घरी गेले असते. तिथल्या संसदेतून दबाव आला, ते राहिले आणि अणुनौदल उभे राहिले. ग्रेस हॉपर या संगणकतज्ज्ञ अधिकाऱ्याला त्याच नौदलाने 1966 अखेर निवृत्त केले आणि काही महिन्यांतच, 1967 मध्ये, परत बोलावले, कारण संगणकाच्या भाषांचा गोंधळ त्यांच्याशिवाय निस्तरेना. त्या अखेरच्या बाहेर पडल्या 1986 मध्ये, रिअर ॲडमिरल म्हणून. इथवर छान. पण रिकोव्हर 1982 पर्यंत, वयाच्या 82व्या वर्षापर्यंत खुर्चीवर राहिले. एका माणसाच्या हाती एवढी वर्षे एवढी सत्ता राहू देणे कोणत्याही नौदलासाठी निरोगी नाही. तेव्हा ठेवायचे तर मर्यादेनेच.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दर वर्षी तिन्ही दलांनी दुर्मिळ कौशल्यांची एक छोटी यादी मंजूर करावी. गोपनीय विषय सोडले तर ती उघड असावी. त्या यादीतल्या अधिकाऱ्याने निवृत्तीच्या दीड-दोन वर्षे आधी स्वतः इच्छा कळवावी. सक्ती अजिबात नको. निवड करणाऱ्या मंडळात फक्त त्याच्या दलाचे वरिष्ठ नसावेत. विषयाचे बाहेरचे दोन जाणकार असावेत, आयआयटीचा प्राध्यापक असेल, डीआरडीओचा शास्त्रज्ञ असेल, मोठ्या रुग्णालयाचा विभागप्रमुख असेल. आणि ज्या युनिटला त्या कसबाची गरज आहे तिथल्या तरुण अधिकाऱ्यांचेही म्हणणे लेखी मागवावे, कारण कोण खरोखर काम करतो हे त्यांना नेमके माहीत असते. मुदत एका वेळी दोन वर्षांची. कर्नल असला तरी 60च्या पुढे नाही. डॉक्टरांसाठी 65चा दाखला समोर आहेच. पद अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांच्या वरचे, असावे, म्हणजे कोणाचीही बढती अडणार नाही. कमांड नाही, पुढचा हुद्दा नाही, कोणाचे एसीआर लिहिण्याचा अधिकार नाही. वैद्यकीय निकष कामाप्रमाणे. प्रयोगशाळेत बसणाऱ्याकडे डोंगर चढण्याची अट कशाला?

आणि एक अट अशी, की तिच्यावाचून बाकी सगळे व्यर्थ आहे. ठेवलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या शेजारी दोन तरुण नेमायचे, त्यांची त्या काळात बदली करायची नाही, आणि दोन वर्षांनी मुदत वाढवायची की नाही हे त्या दोघांना काय येते यावर ठरवायचे. ज्याने शिकवले नाही त्याला मुदतवाढ नाही. विद्या दाबून ठेवून स्वतःची गरज टिकवणारे लोक असतात. त्यांना इथे जागा मिळता कामा नये.

अशा अधिकाऱ्याला बदल्यांतून सूट द्या. माझ्या ओळखीतले जे जाणकार लवकर बाहेर पडले, त्यांच्या तोंडी पैशाची तक्रार क्वचितच होती. बाहेर चांगले पगार आहेत हे खरेच. पण पन्नाशीच्या पुढे घरी म्हातारे आई-वडील असतात, मुलांची कॉलेजे असतात, बायकोने प्रत्येक पोस्टिंगला आपली नोकरी सोडलेली असते. एका ठिकाणी राहून आवडीचे काम करायला मिळेल एवढे सांगितले, तर अनेक जण कमी पगारावरही राहतील. पगार मात्र कमी करू नका.

खर्चाचा मुद्दा फार मोठा नाही. हे अधिकारी पेन्शन घेतच असते. वरचा फरक तेवढा द्यायचा. 2025-26च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनसाठी सुमारे 1.61 लाख कोटींची तरतूद होती. काहीशे अधिकाऱ्यांच्या फरकाने तिथे फुगवटाही येणार नाही आणि बचतही होणार नाही. म्हणूनच हा विषय पेन्शनच्या बचतीशी जोडू नका. 2020 मध्ये तिथेच घसरण झाली.

अग्निपथ योजना 2022 मध्ये आली, आणि त्यामुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. अग्निवीर चार वर्षांसाठी येतो, त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे राहतो. फौज तरुण होणार, हे उद्दिष्ट होते आणि ते साधेलही. पण मग अनुभव साठवायचा कुठे? वर्कशॉपमध्ये जो हवालदार वीस वर्षे एकाच इंजिनावर काम करून साहेबालाच शिकवायचा, त्याची संख्या कमी होत जाणार. अधिकाऱ्यांची चणचण आधीच आहे. 2023 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार एकट्या लष्करात आठ हजारांच्या आसपास अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. खालून अनुभव ओसरतो आहे, मधून जागा रिकाम्या आहेत आणि वरून जाणकार तारखेबरहुकूम बाहेर पडत आहेत. तांत्रिक शाखांतल्या जेसीओंनाही हीच वाट मिळायला हवी असे माझे ठाम मत आहे. त्यांचे नियम वेगळे असल्याने या पत्रात त्याबद्दल लिहीत नाही, पण त्यांना विसरून ही योजना करू नये.

सुरुवात लहान ठेवता येईल. ईएमई, सिग्नल्स, नौदलाची पाणबुडी शाखा आणि सशस्त्र दल वैद्यकीय सेवा, या चार ठिकाणी पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे काढावीत. प्रत्येकाच्या युनिटला एकच प्रश्न लेखी विचारावा: हा अधिकारी गेल्यावर त्याचे कोणते काम बंद पडेल किंवा बाहेरून विकत घ्यावे लागेल? उत्तरात ज्यांची नावे येतील ती फार नसतील. ती आली, की पहिल्या मंडळाची बैठक सहा महिन्यांत बोलवावी, आणि जे येत्या मार्चअखेर जाणार आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कर्नल, ईएमई
पुणे